मेंढ्याच्या शिंगांची सायकल आणि मसुऱ्याचा नारळ

सायकलला वाकडे हँडल लावायचे डोक्यात आले तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. या वयात माणसाला शहाणपण आलेले असते, असे आमच्या शाळेत शिकवले होते. शाळा गावातली होती, त्यामुळे बाहेर काय चालते याची गुरुजींना कल्पना नसावी.

कणकवलीजवळच्या नांदगावच्या आत, रेल्वे स्टेशनापासून चार किलोमीटरवर आमचे गाव. मी टपाल वाटतो आणि उरलेल्या वेळात काजूची बाग बघतो. सायकल जाड टायरची, सरळ दांड्याची, एकाच गियरची. मुंबईच्या मेव्हण्याने व्यायामासाठी घेतली, आठवडाभर चालवली आणि 'गावाला उपयोगी पडेल' म्हणून ट्रेनने पाठवून दिली. शहरातला उत्साह संपला की तो आमच्याकडे पार्सलने येतो.

निमित्त मात्र आईचे होते. तिच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा ती मसुऱ्याच्या भराडीदेवीला बोलली होती, "डोळो बरो झालो तर माझो झील चलत येवन तुका नारळ देतलो." डोळा बरा झाला, फक्त जवळची वस्तू तिला अजून चाचपूनच कळायची. झील, म्हणजे मी मुलगा, मात्र आज जातो, उद्या जातो करत राहिला. आता दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली होती, दहा दिवसांवरची. आई दारातल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आधी देवीचो नारळ. प्रसादाचा फूल हातात पडल्याशिवाय मी हास्पिटलात पाय ठेवचंय नाय." दुसऱ्या डोळ्याने तिला माणूस आणि माड यांतला फरक जेमतेम कळत होता. पण देवीला दिलेला शब्द तिला स्पष्ट दिसत होता.

मसुरे आमच्याकडून पन्नासेक किलोमीटर. माझे गुडघे चालण्याच्या बाजूचे नाहीत. म्हणून मी गावच्या देवळात बाळा गुरवाकडे गेलो. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या पाषाणावर ओल्या फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर घरी जा. बाळाने हात जोडून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, आवशीन बोलल्यान चलत, ह्यो म्हणता सायकलीन. पायान चलवतत ती सायकल चलण्यात धरूची काय नाय, तां तू सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटले.

उजवी कळी इतकी झटकन पडली की बाळा स्वतःच दचकला. "देव घाईत आसा वाटता," तो म्हणाला.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्या दिवसांत मी फोनवर सायकलवाल्यांच्या एका गटात होतो. या गटातल्या बहुतेकांच्या सायकली दिवाणखान्यात भिंतीला टांगलेल्या असतात आणि सल्ले मात्र रोज रस्त्यावर असतात. मी विचारले, एका दिवसात पन्नास किलोमीटर जायचे आहे, काय करू? सतरा उत्तरे आली. त्यांतली सोळा एकच होती: सरळ दांडा काढा, शर्यतीच्या सायकलीला असते तसे खाली वळलेले हँडल लावा. हात बदलून धरता येतात, वारा कमी लागतो, पाठ दुखत नाही. सतराव्याने लिहिले, "ब्रेकच्या लिव्हर जुळणाऱ्या घ्या, नाहीतर थांबणार नाही." त्याला कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही. मीही नाही.

सामान ऑनलाइन मागवले. गावात येणारे प्रत्येक पार्सल मीच वाटतो आणि लोकांच्या फाजील हौसेला मनात हसतो. हे पार्सल मी माझ्याच घरी आणले, माझ्याच नावाने हाक मारली आणि माझीच सही घेतली. हसायला कोणी उरले नाही.

माझ्यासारखे कोणी वाचत असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. हँडलचा मधला भाग, जिथे तो सायकलला आवळला जातो, तो वेगवेगळ्या जाडीचा येतो. मी तो वर्नियरने मोजून आणला आणि बरोबर बसला. वाकड्या हँडलमुळे हात पुढे जातात, म्हणून हँडल सायकलला जोडणारा तुकडा आखूड घ्यावा. मी तोही घेतला. पुढची टोपली या हँडलवर बसत नाही, म्हणून ती काढली. जुन्या लिव्हर नव्या नळीवर चढत नाहीत, नळी जाड असते. म्हणून नव्या आणल्या, दिसायला छान, जुळणाऱ्यांच्या निम्म्या किमतीत. हँडलला काळी पट्टी गुंडाळली, पसंत पडेपर्यंत तीन वेळा. थोडक्यात, जे जे लोकांना दिसते ते सगळे मी नीट मोजले. मग अंगणात चालवून ब्रेक दाबला. सायकल थांबली. आमच्या अंगणाला उतार नाही.

पत्नीने बघितले आणि काढलेली टोपली कांदे ठेवायला आत नेली. आमच्या घरात ही सर्वांत कडक टीका असते. आईने हाताने चाचपून बघितले.

"ह्यां काय रे? सरळ दांडो होतो तो कोणी वाकडो केल्यान?"

"आये, लांब जावक बरा पडता."

"तुझो बापूस मुंबैक गेलो तो सरळ दांड्याच्या गाडयेन गेलो. लांबच होती मां मुंबै?"

मग तिने आपल्या हाताने नारळ दिला. विहिरीकडच्या माडाचा, सोललेला, शेंडी राखलेला. मी तो मागच्या कॅरिअरवर पिशवीत घालून रबरी पट्ट्याने बांधला.

दसरा होऊन आठवडा झाला होता. पहाटे निघालो. नांदगाव ते कणकवली चौपदरी महामार्ग आहे. त्यावर सायकलसाठी कडेला उत्तम जागा ठेवलेली आहे, ती फक्त उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींना देऊन टाकलेली आहे. तरी पहिले तेरा-चौदा किलोमीटर मी खरेच खूश होतो. हात हँडलच्या वरच्या वळणावर, पाठ वाकलेली, वारा कानाला. एका टपरीवर दोन माणसे उभी होती. एकाने दुसऱ्याला विचारले, "शर्यत आसा काय रे आज?" दुसरा म्हणाला, "आसतली. ह्यो शेवटचो दिसता."

कणकवलीत उसळ-पाव आणि चहा, चाळीस रुपये. इथून महामार्ग सोडून आचऱ्याच्या रस्त्याला लागायचे. रस्ता अरुंद, डांबर बरे, दोन्हीकडे पिवळे पडलेले भात. कापणी चालू होती, त्यामुळे डांबराचा अर्धा भाग शेतकऱ्यांनी वाळवणाला घेतला होता. तक्रार नाही, वर्षभर त्या रस्त्याचा तेवढाच ठोस उपयोग होतो. गाडीने येणार असाल तर या दिवसांत हळू या. सायकलने येणार असाल तर, मी म्हणतो, थांबता येईल असे या.

चढ-उतार कणकवली सोडल्यावर सुरू होतात. पहिल्या दोन उतारांवर लिव्हर दाबली की थोडी जास्त आत येते असे जाणवले. मी त्याला 'नवीन आहे, बसेल' असे म्हटले. जे बिघडत चालले आहे त्याला 'बसेल' म्हणण्याची कला आमच्या रक्तात आहे.

रामगडाच्या पुढे मसुऱ्याकडे वळल्यावर एक लांब उतार लागला. खाली वळण, वळणावर जांभा दगडाचा चौथरा, चौथऱ्यावर शेंदूर लावलेला एक उभा पाषाण आणि बाजूला कापलेल्या भाताचे भारे. मी दोन्ही लिव्हर दाबल्या. दोन्ही हँडलला टेकल्या. सायकलला त्याचे काही वाटले नाही.

देवाचे नाव घ्यायला वेळ होता, ते घेतले. वळण घ्यायला नव्हता. मी सरळ भाताच्या भाऱ्यांत गेलो.

"मेल्या, माझा भात!" असा आवाज आला. मग थोड्या वेळाने, "लागला काय रे?"

साठी ओलांडलेली एक बाई विळा घेऊन उभी होती. तिला वाडीत बायो म्हणतात हे नंतर कळले. मला काही लागले नव्हते. कोपर खरचटले होते आणि तोंडात पेंढा होता. मी उठून आधी कॅरिअर बघितले. रबरी पट्टा होता, पिशवी नव्हती. पिशवी पुढे उडून चौथऱ्याच्या कोपऱ्यावर आपटली होती. मी ती उघडली. आईचा नारळ दोन भकले होऊन पडला होता आणि पाणी त्या पाषाणाच्या पायाशी ओघळत होते.

मला बसावेसे वाटले आणि मी बसलो. देवीला बोललेला नारळ वाटेत फुटला. आई काय करील ते मला माहीत होते. खुर्चीत बसून राहील आणि ऑपरेशनची तारीख निघून जाईल.

मी बायोला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पाषाणाकडे बोट दाखवले.

"ह्यो आमचो राखणदार. ह्या उतरणीन नवो माणूस जाता तो हयसर थांबता, हात जोडता, नारळ ठेवता. तू खंय थांबलंस?"

"थांबाक बघलंय, काकी. ब्रेक लागाक नाय. लिव्हर वायर कमी खेचता..."

"वायर-बियर माका ठावक नाय. तू देवक नाय, तेणी घेतल्यान. तेचो होतो तो तेका गेलो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आवशीचा काम रवला मां तुझ्या."

ती जवळच्याच आपल्या घरात गेली आणि एक नारळ घेऊन आली. "माझ्या माडाचो. देवीक घाल. आणि माझा पण एक सांग: जावयाक बुद्धी दी म्हणान. नाव सांगा नको, तिका ठावक आसा."

पैसे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. फुटलेल्या नारळाचे एक भकल तिने राखणदारापुढे ठेवले आणि दुसरे शेष, म्हणजे प्रसाद, म्हणून माझ्या पिशवीत टाकले. मी हात जोडले. वायर कमी खेचली जाते हे खरे होते. मी न थांबता एका देवासमोरून जात होतो हेही खरे होते. मला यातले एक खोटे ठरवायची गरज वाटली नाही.

ब्रेक नसलेली सायकल या रस्त्याला चालवता येत नाही. म्हणून तिथून मसुऱ्यापर्यंत नऊ किलोमीटर मी तिला हाताने ढकलत चाललो. वाकडे हँडल ढकलायला अत्यंत गैरसोयीचे असते, हे गटातल्या सतरापैकी एकानेही लिहिले नव्हते. त्यांच्यावर बहुधा प्रसंग आला नसावा.

देऊळ दुपारी शांत होते. जत्रेच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी देवी आणि दोन कुत्री. पुजाऱ्याला मी नारळाची सगळी हकीकत सांगितली. लपवायला आलो नव्हतो. तो म्हणाला, "माड कोणाचो तां देवी इचारणा नाय. गाऱ्हाणा कोणाचा तां सांग." मी आईचे सांगितले, मग बायोच्या जावयाचे. त्याने नारळ वाढवला आणि अबोलीचे फूल कागदात बांधून दिले. ते मी शर्टाच्या खिशात ठेवले, टपालात कधी इतके जपून काही ठेवले नव्हते.

मसुऱ्यात रस्त्याला लागून बाबी मेस्त्रीचे सायकलीचे छप्पर आहे. साठीचा माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने सायकल उलटी केली, लिव्हर दाबली, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या भुजा बघितल्या आणि हसायला लागला. हसणे संपेपर्यंत मी उभा राहिलो.

"हँडल कोणी लावल्यान?"

"मी."

"बरा लावलंस. पट्टी बरी गुंडाळलंस. ह्या ब्रेकाच्या भुजा लांब, तेंका वायर जास्त खेचूक होयी. तुझी लिव्हर खेचता थोडी. दोघांचा लगीन लावलंस, पत्रिका बघूक नाय."

"कौल घेतल्लंय मी," मी म्हटले. का म्हटले कोण जाणे.

"काय इचारलंस?"

"सायकलीन जाव काय म्हणान."

बाबीने पाना खाली ठेवला. "मगे देवान बरोबर सांगल्यान. जा म्हटल्यान, तू गेलंस. थांबाचा तू खंय इचारलंस?"

छपराच्या मागे भंगारात लहान मुलांच्या सायकली पडल्या होत्या. त्यांतल्या एकीचे ब्रेक त्याने काढले. आखूड भुजांचे. आखूड भुजेला कमी वायर पुरते, एवढेच शास्त्र. माझ्या सायकलीच्या त्याच खुंट्यांवर ते बसले. टायर जाड म्हणून चाक काढताना आता हवा सोडावी लागते, तेवढी खोट राहिली. नवे रबर, नवी वायर, दोन तास आणि तीनशे रुपये. मग त्याने मला सायकलवर बसवले, ब्रेक दाबायला सांगितले आणि मागून गुडघा लावून सगळ्या अंगाने ढकलले. सायकल जागची हलली नाही. माझ्या गटाने पाठवलेल्या चित्रफितींत अशी परीक्षा घेताना मी कोणाला बघितले नाही. त्यात बहुतेक संगीत असते.

संध्याकाळी आचऱ्याला पोचलो. एका घरगुती खानावळीत खोली सातशे रुपये, शाकाहारी जेवण वेगळे. प्रसाद घरी पोचेपर्यंत मासे नाहीत असे मनात धरले होते, म्हणून शेजारच्या ताटातल्या बांगड्याकडे न बघता डाळ-भात आणि सोलकढी घेतली. मालक दोनदा विचारून गेला, तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी आल्या रस्त्याने न परतता किनाऱ्याने जामसंड्याला निघालो, ताईकडे. आचरे, मिठबाव, कुणकेश्वर: पंचेचाळीसेक किलोमीटर, उजवीकडे डोंगर, डावीकडे मधूनच समुद्र, चढ छातीत भरणारे. एकाच गियरवर चढताना मी तीन ठिकाणी उतरून चाललो. उतारांवर मात्र राजासारखा बसलो होतो, दोन बोटांनी सायकल थांबत होती. ती थांबते हे कळल्यावर मगच ती जोरात सोडता येते.

या रस्त्यावर बघायला पुष्कळ आहे. एका घराच्या जांभ्याच्या भिंतीला मालकाने आधी गिलावा केला आणि मग त्या गिलाव्यावर रंगाने जांभ्याचे दगड काढले. वर पाटी, 'अस्सल कोकणी निवास'. पुढे एका हॉटेलात 'अस्सल मालवणी' फलकाखाली पहिला पदार्थ पनीर. एका वळणावर फोटोसाठी लाकडी चौकट उभी केली आहे. तिच्यातून बघितले तर समुद्र दिसतो, तिच्या बाजूने बघितले तर त्याहून जास्त दिसतो. मला हसू येत होते. मग माझेच काळे पट्टीचे हँडल डोळ्यांसमोर आले आणि मी गप्प पेडल मारले. पुढून बदलायचे आणि थांबण्याची सोय जुनीच ठेवायची, यात आम्ही सगळे एका गावचे.

ताईने जामसंड्यात घावणे आणि चटणी वाढली आणि हकीकत ऐकली. ती शाळेत शिकवते, तिचा व्यवहार पक्का. "आयेक सांगा नको. नारळ पोचलो, फूल घे, एवढाच सांग. दुसरो डोळो झाल्यावर सगळा सांग."

"ती इचारतली खंयचो नारळ."

"तिका जवळचा काय दिसता? नारळ म्हणजे नारळ."

रात्रभर ते वाक्य माझ्याजवळ झोपले. तिला दिसत नाही, हेच तर मला टोचत होते. न दिसणाऱ्या माणसाच्या हातात खोटी गोष्ट ठेवणे फार सोपे असते.

तिसऱ्या दिवशी शिरगावमार्गे नांदगाव, चाळीस किलोमीटर, बहुतेक चढच. दुपारी घरी पोचलो. आई दारातल्या खुर्चीत होती. सायकलचा आवाज ऐकून तिने हात पुढे केला. मी फूल तिच्या हातावर ठेवले. मग ते भकलही ठेवले आणि उतार, भारे, राखणदार, बायोचा नारळ, सगळे क्रमाने सांगितले.

तिने भकलाची कड बोटाने चाचपली.

"माझोच नारळ," ती म्हणाली. "राखणदारान घेतल्यान?"

"व्हय."

"आणि मगे देवळापर्यंत कसो गेलंस? मोडक्या सायकलीन?"

"ढकलत. चलत."

"किती?"

"नऊ किलोमीटर."

आईने फूल डोळ्यांना लावले, आधी बऱ्या झालेल्या, मग राहिलेल्या. "मी काय बोलल्लंय? चलत येतलो. तू कौल लावन सायकल काढलंस. देवीन सायकल दिल्यान आणि शेवटाक चलवल्यान पण." ती पत्नीला म्हणाली, "सून, माझी साडी काढून ठेव. हास्पिटलात नेसूक."

दोन्ही डोळे आता बरे आहेत. गटात मी सगळा वृत्तान्त टाकला, सोळा जणांनी अंगठा दाखवला आणि सतराव्याने लिहिले, "मी सांगितले होते." त्याला मी खाजगीत नमस्कार कळवला. सायकलचे हँडल तसेच आहे. पाठ खरोखरच कमी दुखते. त्या उताराला पुन्हा गेलो तेव्हा थांबून नारळ ठेवला. बायो म्हणाली, जावई अजून तसाच आहे, देवीला आठवण कर.

ऑपरेशनची पट्टी काढून घरी आली त्या दिवशी आई रिक्षातून उतरली आणि अंगणात उभ्या असलेल्या सायकलपाशी थांबली. पहिल्यांदाच ती तिला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत होती. तिने डावीकडून बघितले, उजवीकडून बघितले.

"अरे मेल्या, मेंढ्याची शिंगां लावलंस हिका?"

"तशीच आसतत आये हीं."

"थांबता मां पण?"

"थांबता."

"मगे आसूंदेत शिंगां," ती म्हणाली आणि सायकलला हात न लावता घरात गेली.